घर हललं नाही, मतदारसंघ हलला

अमेरिकेत मी पहिल्यांदा मतदान केलं, त्यातलं एक मत मोजलंच गेलं नाही. मतपत्रिका बाद झाली नव्हती. गोल नीट काळा केला होता, पेनही त्यांचंच होतं. तारीख होती १५ मार्च २०१६, गाव ग्रीन्सबरो, राज्य नॉर्थ कॅरोलायना. आदल्याच वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली होती. बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता, इचलकरंजीत गुढीपाडव्याला काढायची तसा. टेबलावरच्या बाईंनी मतपत्रिका हातात देताना सांगितलं, "राष्ट्राध्यक्षपदाचं मत मोजलं जाईल. काँग्रेसच्या जागेसाठीचंही मत द्या, पण ते मोजलं जाणार नाही." (काँग्रेस म्हणजे इथली संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे.)

मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडलं. पुन्हा विचारलं. त्यांनी भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. फेब्रुवारीत फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाने दोन मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले होते, विधिमंडळाने घाईघाईत नवा नकाशा केला होता आणि काँग्रेसची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारी फेरी, ७ जूनवर गेली होती. मतपत्रिका मात्र आधीच छापून झालेल्या, टपालाने जाणाऱ्या तर लोकांच्या घरीसुद्धा पोचलेल्या. म्हणून नावं तशीच राहिली. मी मत दिलं. कोणाला ते सांगत नाही, पण अगदी विचार करून दिलं होतं.

मी कापड उद्योगातला माणूस. सूत तपासायचं, ताण मोजायचा, तुटतं कुठे ते बघायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. ग्रीन्सबरोला आलो तेही त्यामुळेच. एके काळी हे डेनिमचं गाव होतं, व्हाइट ओकची प्रचंड गिरणी इथेच चालायची, ती २०१७च्या शेवटी बंद पडली. २०११ साली घर घेतलं, तेव्हापासून त्याच घरात आहे. छत एकदा बदललं, खारीने दोनदा पोटमाळ्यात संसार थाटला, बाकी काही हललं नाही. पण काउंटीकडून (आपल्या जिल्ह्यासारखी) टपालाने येणारी मतदार कार्डं मी स्टीलच्या डब्यात जपून ठेवतो (त्याच डब्यात आमचं जुनं रेशनकार्डही आहे, का ते विचारू नका), आणि ती ओळीने मांडली की दिसतं, की याच दाराच्या पत्त्यावर काँग्रेसचा मतदारसंघ आधी १२वा होता, मग १३वा, मग ६वा. नंतर आकडा ६च राहिला, पण सहाव्यात कोण-कोण बसतंय ते आणखी दोनदा बदललं.

इकडच्या प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला मी सरळ खासदारच म्हणणार आहे, म्हणजे सगळ्यांना सोपं जाईल. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्या आकड्यांवर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात. आपल्याकडे हे काम निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचा आयोग करतो आणि घटनेच्या ३२९व्या कलमामुळे त्याच्या आदेशाविरुद्ध कोर्टात फारसं काही करता येत नाही. इथे नॉर्थ कॅरोलायनात राज्याचं विधिमंडळच रेघा ओढतं. ज्याचं बहुमत त्याची पेन्सिल. गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा असला तरी उपयोग शून्य, कारण बाकी कायद्यांवर त्याला नकाराधिकार आहे, मतदारसंघांच्या नकाशावर नाही. मग ज्यांचं पोट दुखतं ते कोर्टात जातात. कोर्ट कधी नकाशा रद्द करतं, कधी ठेवतं, आणि या मधल्या काळात निवडणूक ठरलेल्या दिवशी यायची असते.

आमच्या १२व्या मतदारसंघाची ख्याती मी येण्याआधीपासूनची. १९९२ साली तो डेमोक्रॅट बहुमताच्या विधिमंडळाने आखला होता, हे सांगायलाच हवं, नाहीतर एकाच पक्षाला हे जमतं असं वाटेल. सुमारे १६० मैल लांब, आणि बऱ्याच ठिकाणी रुंदी जेमतेम आंतरराज्य महामार्ग ८५ एवढी. महामार्गावरून गाडीची दोन्ही दारं उघडी ठेवून गेलात तर मतदारसंघातले बहुतेक लोक माराल, असं एक आमदार म्हणाला होता आणि ते वाक्य थेट सुप्रीम कोर्टाच्या १९९३च्या निकालात जाऊन बसलं. पुढे तो बदलत बदलत आमच्यापर्यंत आला आणि २०१६ला ग्रीन्सबरोतून उठून पूर्णपणे शार्लट शहरात गेला. आमच्या तेव्हाच्या खासदार अल्मा अ‍ॅडम्स ग्रीन्सबरोच्या, इथल्या बेनेट कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलेल्या. मतदारसंघ गेला तशा त्याही शार्लटला गेल्या. खासदाराने मतदारसंघाच्या मागे बिऱ्हाड हलवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या २०१६च्या नकाशाची एक गोष्ट मला अजून पटत नाही, म्हणजे झाली यावरच विश्वास बसत नाही. कोर्टाने वंशाच्या आधारावर रेघा ओढल्या म्हणून आधीचा नकाशा रद्द केला होता. तर आता आम्ही वंश बघणारच नाही, पक्ष बघू, असं उघड सांगितलं गेलं. नकाशा आखणाऱ्या समितीचे एक प्रमुख डेव्हिड लुइस बैठकीतच म्हणाले, की १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट निवडून येतील असा नकाशा करावा असं मी सुचवतो, कारण ११ आणि २ येतील असा करणं शक्य वाटत नाही. लपवाछपवी नाही, सगळं इतिवृत्तात. आपल्याकडे असं कोणी बोललं असतं तर दुसऱ्या दिवशी 'माझ्या विधानाचा विपर्यास झाला' आलं असतं.

आणि त्या नकाशाने आमच्या गावाचं काय केलं? एन.सी. ए अँड टी हे इथलं ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ. सीमारेषा त्याच्या आवारातून गेली, लॉरेल स्ट्रीटवरून. रस्त्याच्या या बाजूच्या वसतिगृहाला एक खासदार, पलीकडच्याला दुसरा. खोली बदलली की खासदार बदलला. मला आमच्याकडच्या मोजणीचा भूकरमापक आठवला, बांध इकडेतिकडे सरकवणारा, पण त्याने कधी कॉलेजच्या वर्गातून बांध नेल्याचं ऐकिवात नाही.

जूनमध्ये परत मतदानाला गेलो. मी कुठल्याच पक्षात नोंदलेला नाही, अशा माणसाला इथे प्राथमिक फेरीत कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. रिपब्लिकनांची मागितली. १३व्या मतदारसंघासाठी तिच्यावर १७ नावं! सतरा. त्यात दुसरी फेरी नव्हती, जो पुढे तो जिंकला, आणि टेड बड सुमारे २० टक्के मतांवर उमेदवार झाले. नोव्हेंबरला खासदारही झाले. मतदान केंद्र तर इतकं ओस होतं, की बाहेर बसलेल्या गृहस्थांनी मला डोनट दिला.

पुढचं पटकन सांगतो. २०१८ साली राज्यात दोन्ही पक्षांना जवळपास निम्मी-निम्मी मतं पडली, आणि १३ पैकी १० ठिकाणी रिपब्लिकन पुढे राहिले (त्यातली एक निवडणूक टपाली मतांच्या घोटाळ्यात रद्द होऊन पुन्हा घ्यावी लागली). लुइस यांचा हिशेब तंतोतंत. नकाशाचं प्रकरण देशाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २७ जून २०१९ला ५ विरुद्ध ४ असा निकाल आला: पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या सीमा अन्यायकारक असू शकतात, पण तो फेडरल कोर्टांनी सोडवायचा प्रश्न नव्हे. राज्यांची कोर्टं बघू शकतात. मग लोक राज्याच्या कोर्टात गेले, शरद ऋतूत तिथे नकाशा अडला, नोव्हेंबरात नवा झाला, आणि २०२०ला आमची अख्खी गिलफर्ड काउंटी एका मतदारसंघात आली. सहाव्या. कॅथी मॅनिंग निवडून आल्या. ग्रीन्सबरोच्याच.

कार्डावर ६ आल्यावर मला खरं सांगतो, बरं वाटलं होतं. पक्षामुळे नव्हे. गावाला गावाचा खासदार, एवढंच. रस्त्याच्या कडेला भेटली तर ओळखता येईल अशी.

याच दरम्यान मतदान केंद्रावर काम करायचं मनात आलं. काउंटीचा अर्ज भरला, प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. प्राथमिक निवडणूक ८ मार्च २०२२ला होती, मी गिरणीत त्या दिवसाची रजा टाकली. ६ डिसेंबरला उमेदवारी अर्ज सुरू झाले आणि ८ डिसेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने थांबवले. जनगणनेनंतर केलेल्या नव्या नकाशाला आव्हान होतं. निवडणूक १७ मेला गेली. साहेबांकडे रजा बदलायला गेलो तर ते म्हणाले, "तुमच्या देशात होतं का असं?" मी म्हटलं, हाच माझा देश आहे आता. पण रजा बदलून दिली.

फेब्रुवारीत कोर्टाने नकाशा रद्द केला, न्यायमूर्तींची विभागणी ४ विरुद्ध ३. एका निवडणुकीपुरता कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मदतीने नकाशा ठरला. अर्ज भरायला फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजून आठ-नऊ दिवस. त्यात ग्रीन्सबरो शहराची स्वतःची निवडणूकही अडकलेली. ती २०२१ला व्हायची, जनगणनेचे आकडे उशिरा आले म्हणून पुढे गेलेली, ती अखेर २६ जुलैला झाली. जुलैच्या त्या उकाड्यात दाराशी बसून मी दिवसभरात किती माणसं मोजली ते सांगत नाही, पण बर्फाच्या पिशव्या जास्त लागल्या.

शहराच्या प्रभागांचंही एक प्रकरण आहे, जाता जाता सांगतो. २०१५ साली राज्याच्या विधिमंडळाने ग्रीन्सबरोच्या नगर परिषदेची रचनाच बदलली होती, शहराने मागितलेलं नसताना. शहर कोर्टात गेलं, आणि २०१७च्या एप्रिलमध्ये फेडरल न्यायाधीशांनी तो कायदा रद्द केला. हे मी धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला, जसं काही त्याचाच खटला जिंकला. "म्हणजे तुमच्यात पण असलंच हाय व्हय दादा! आणि आम्हाला वाटतंय अमेरिकेत सगळं रुळावर."

मेच्या त्या दिवशी मात्र मी खऱ्या अर्थाने काम शिकलो. केंद्र सकाळी साडेसहाला उघडतं, संध्याकाळी साडेसातला बंद होतं, आपण त्याच्या कितीतरी आधी पोचायचं. अंधारात टेबलं लावायची. मतमोजणी यंत्रातून शून्याची पट्टी (आत अजून एकही मत नाही याचा पुरावा) काढून त्यावर सह्या करायच्या. मतदार येतो, नाव आणि पत्ता स्वतः तोंडाने सांगतो, आपण यादीत बघून फॉर्म छापतो, तो सही करतो, आणि मग त्या फॉर्मवर मतपत्रिकेचा जो प्रकार लिहिलेला असतो ती मतपत्रिका द्यायची. हा 'प्रकार' म्हणजे सगळी गंमत. काँग्रेसची रेघ, राज्य सिनेटची रेघ, राज्य हाउसची, शाळा मंडळाची, शहराची. प्रत्येक रेघ दुसरीला कुठेतरी छेदते आणि प्रत्येक छेदाला एक नवी मतपत्रिका जन्माला येते. विणकामातल्यासारखं. ताणा वेगळा, बाणा वेगळा, आणि चुकीचा धागा एकदा आत गेला की कापड खराब. प्रशिक्षणात बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही काहीही विसरा, प्रकार विसरू नका."

त्या नोव्हेंबरला १४ पैकी (जनगणनेनंतर राज्याच्या जागा तेराच्या चौदा झाल्या होत्या) ७ जागा एका पक्षाला, ७ दुसऱ्याला मिळाल्या. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या दोन जागाही होत्या. त्या दोन्ही रिपब्लिकन उमेदवारांनी जिंकल्या आणि कोर्ट डेमोक्रॅटांच्या ४-३ वरून रिपब्लिकनांच्या ५-२ असं उलट फिरलं. इथे राज्याचे न्यायमूर्ती पक्षाच्या नावावर निवडून येतात, हे भावाला पटवायला मला दोन फोन लागले. जानेवारीत नवे न्यायमूर्ती बसले, फेब्रुवारीत प्रकरण पुन्हा ऐकायचं ठरलं, आणि २८ एप्रिल २०२३ला त्याच कोर्टाने स्वतःचाच एक वर्षापूर्वीचा निकाल फिरवला. घटना तीच, कायदा तोच, नकाशाही तोच. बदलली होती ती माणसं. मी मतदान केंद्रावर बसून ज्या न्यायमूर्तींची मतं पेटीत जाताना बघितली, त्यांनी माझा मतदारसंघ ठरवायचा होता. हे चक्र लक्षात यायला मला सात वर्षं लागली.

आता २०२३चा सप्टेंबर. नव्या नकाशासाठी विधिमंडळाच्या समित्यांनी जाहीर सुनावण्या ठेवल्या, तीन: एलिझाबेथ सिटी, हिकरी आणि राली. ग्रीन्सबरो नाही. राली त्यातल्या त्यात जवळ, म्हणून तिथे गेलो. मुलीने घड्याळ लावून माझं भाषण पाठ करून घेतलं. तिचा शेरा असा, की बाबा, तुम्ही पहिल्या मिनिटात फक्त नमस्कार करता.

मी ठरवलं होतं की काउंटी एकत्र ठेवा एवढंच सांगायचं. आकडे काढून नेले होते, जुने नकाशे छापून नेले होते, लॉरेल स्ट्रीटचा तुकडा पिवळ्या मार्करने रंगवला होता. तिथे गेल्यावर कळलं, की ज्याच्याबद्दल बोलायचं तो नकाशाच अजून कोणी बघितलेला नाही. प्रारूप नाही, कच्चा आराखडा नाही, काही नाही. हरकत घ्यायची, पण कशावर? आपल्याकडे प्रभाग रचनेत निदान प्रारूप आधी प्रसिद्ध होतं, मग हरकती-सूचना मागवतात, मग सुनावणीला बोलावतात, भले निकाल आधीच ठरलेला असो. इथे माझ्याआधीची एक बाई बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, मी रिकाम्या फळ्याला काय बोलू? मला माझ्या पिवळ्या कागदाची लाज वाटली. तरी बोललो. समोरचे सदस्य नीट ऐकत होते, लिहून घेत होते, एकाने मानही हलवली. आमचा आवाज नोंदीत गेला. तेवढं एक झालं.

१८ ऑक्टोबरला प्रारूपं आली आणि २५ला मंजूर झाली. आठवडा. गिलफर्ड काउंटीचे तीन तुकडे झाले होते: पाचवा, सहावा, नववा. पाचवा इथून निघून थेट पश्चिमेच्या डोंगरांत जात होता. नववा दक्षिणेला फोर्ट ब्रॅगच्या लष्करी तळाकडे. सहावा दक्षिण-पश्चिमेला, शार्लटच्या वेशीकडे. एका शहरातून तीन रस्ते फुटावेत तसे तीन मतदारसंघ फुटले, आणि तिन्हींत आम्ही शेपटाकडे.

कॅथी मॅनिंग यांनी कोर्टाने नकाशा बदलला नाही तर उभी राहणार नाही असं जाहीर केलं. अर्ज भरायची फी १,७४० डॉलर, खासदाराच्या पगाराच्या एक टक्का. ती भरायला डेमोक्रॅट पक्षाचा एकही माणूस पुढे आला नाही. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर रिपब्लिकन पक्षाचे अ‍ॅडिसन मॅकडॉवेल आणि कॉन्स्टिट्यूशन पार्टी नावाच्या छोट्या पक्षाचा एक उमेदवार, संपली यादी.

कोर्टात दावे गेले होतेच. पण इथे फेडरल कोर्टांनी एक संकेत पाळलेला आहे, की निवडणूक तोंडावर आली की नियमांना हात लावायचा नाही, मतदार गोंधळतात. संकेत चांगला आहे. फक्त त्याचा एक परिणाम असा होतो, की नकाशा जितका उशिरा कराल तितकी पहिली निवडणूक त्यावर बिनधोक निघून जाते. आमच्या नकाशावरची सुनावणी जून २०२५मध्ये शेजारच्या विन्स्टन-सेलमला झाली. निवडणूक नोव्हेंबर २०२४ला होऊन गेली होती.

त्या निवडणुकीच्या आगाऊ मतदानात मी होतो. १७ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, शहराच्या एका क्रीडा केंद्राच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये. आगाऊ मतदानाला काउंटीतला कोणीही कुठल्याही केंद्रावर येऊ शकतो, म्हणून सगळ्या प्रकारच्या मतपत्रिका तिथे ठेवाव्या लागतात. दुसऱ्या आठवड्यात एक कृष्णवर्णीय आजी आल्या, सोबत मुलगी. आजी व्हाइट ओकला कामाला होत्या, हे त्यांच्या जॅकेटवरून कळलं, गिरणीचं जुनं जॅकेट, कोपरं विरलेली. डेनिम मी बघितल्याशिवाय राहत नाही. मी म्हटलं, सुंदर कापड. त्या म्हणाल्या, आम्हीच केलंय ते.

दोघींनी सह्या केल्या, दोघींना मतपत्रिका मिळाल्या, दोघी शेजारच्या दोन कप्प्यांत गेल्या. थोड्या वेळाने आजी कागद घेऊन परत आल्या. चष्मा कपाळावर.

"हनी, हा कागद चुकीचा आहे. कॅथी नाहीये यावर."

आम्हाला उमेदवारांबद्दल एक शब्दही बोलायची परवानगी नसते. मी पत्ता पुन्हा तपासला, प्रकार पुन्हा तपासला. बरोबर होता. "ही तुमच्या पत्त्याचीच मतपत्रिका आहे, मॅडम."

"मी १९७१ पासून त्याच पत्त्यावर आहे."

"हो मॅडम."

मग त्यांनी मुलीला हाक मारली. मुलगी राहते जेमतेम मैलभरावर, पण रेघेच्या पलीकडे. तिच्या मतपत्रिकेवर त्याच जागेसाठी दोन्ही मोठ्या पक्षांची नावं होती. आजींनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरायला सुरुवात केली तशी मुख्य अधिकारी बाई लगबगीने आल्या, एकमेकींच्या मतपत्रिका दाखवू नका म्हणाल्या, आणि नियमाने ते बरोबरच होतं. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटत होतं मी काहीतरी लपवतोय. माझ्या जिभेवर सगळं होतं, २०१६ची मार्च, लॉरेल स्ट्रीट, रालीची सुनावणी, पिवळा मार्कर. मी म्हणालो, "नमुना मतपत्रिका बाहेर लावलेली आहे, मॅडम."

त्या परत कप्प्यात गेल्या. काय केलं ते मला माहीत नाही, माहीत असूही नये. यंत्राने कागद आत ओढला, मी त्यांना स्टिकर दिलं. त्या दिवसात असा प्रश्न घेऊन परत येणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या, शेवटच्याही नव्हत्या. काही लोक चिडायचे. बहुतेक नुसते खांदे उडवायचे, आणि मला त्यांचीच जास्त धास्ती वाटायची.

त्या नोव्हेंबरला राज्याने राष्ट्राध्यक्ष म्हणून ट्रम्प यांना कौल दिला, गव्हर्नर आणि महाधिवक्ता मात्र डेमोक्रॅट निवडले. म्हणजे लोक निवडून निवडून मत देत होते. काँग्रेसच्या जागा ७-७ वरून १०-४ झाल्या. आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका जागेचा फरक निघाला ७३४ मतांचा. ५५ लाखांहून जास्त मतांत ७३४! हरलेल्या उमेदवाराने साठ हजारांवर मतांना आव्हान दिलं, त्यात आमच्या गिलफर्ड काउंटीतल्या परदेशी आणि लष्करी मतदारांची टपाली मतंही होती. सहा महिने ते चाललं. मे २०२५मध्ये फेडरल न्यायाधीशाचा निकाल आला आणि मग हार मान्य झाली. ज्या मतांना आव्हान होतं, ती देणाऱ्यांनी आमच्यासारख्यांनी सांगितलेले नियम पाळले होते. मला तेव्हा पहिल्यांदा काम सोडावंसं वाटलं. सोडलं नाही.

ऑक्टोबर २०२५ला पुन्हा नकाशा. जनगणना नाही, कोर्टाचा आदेश नाही. उन्हाळ्यात टेक्सासने पाच जागा वाढवायला मधेच नकाशा बदलला, उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने लोकांकडून कौल घेऊन आपला बदलायचं ठरवलं, आणि आमच्या विधिमंडळाने ईशान्येचा पहिला मतदारसंघ हातात घेतला. एक जागा आणखी मिळवायची, हे यावेळीही उघड सांगितलं. हा मतदारसंघ १९९२पासून कृष्णवर्णीय खासदार पाठवत आलेला. आता १४पैकी ११ जागांचा बेत आहे. लुइस २०१६ला शक्य नाही म्हणाले होते, त्याच्या आसपास. नोव्हेंबरात फेडरल कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी आमचा २०२३चा नकाशा उचलून धरला आणि काही दिवसांतच हा नवाही वापरायला परवानगी दिली. १ डिसेंबरला उमेदवारी अर्ज सुरू झाले. प्राथमिक फेरी ३ मार्च २०२६.

माझ्या घराची रेघ यावेळी हलली नाही. मला हायसं वाटलं, आणि वाटल्याचं वाईट वाटलं. ईशान्येकडे आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे, नवरा तिथल्या इस्पितळात. त्यांचा फोन आला, की आमचं कार्ड आलं का बघू, आकडा तोच आहे का? त्यांना कार्डांचा डबा करायला सांगितलं.

त्याच डिसेंबरात तिकडे महाराष्ट्रात महापालिकांच्या निवडणुका जाहीर झाल्या. आमची इचलकरंजी २०२२ला महापालिका झाली, पण आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या खटल्यांत राज्यभरच्या निवडणुका वर्षानुवर्षं अडकल्या, सुप्रीम कोर्टाने २०२५च्या मेमध्ये मुदत घालून दिली तेव्हा कुठे गाडी हलली. म्हणजे महापालिका झाल्यावरची ही पहिलीच निवडणूक. भाऊ उत्साहात. त्याला २००९ आठवतं, जेव्हा इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ नावानिशी गेला आणि हातकणंगले झाला. "तेव्हा कुणी विचारलं होतं का आपल्याला?" असं तो अजून म्हणतो. तो नकाशा कुठल्या पक्षाने केला नव्हता, आयोगाने केला होता, हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि तो प्रत्येक वेळी "बरं" म्हणतो.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर प्रभागांचा नकाशा पाठवला, पीडीएफ. खाली लिहिलं होतं, आपलं घर शोधून दाखव. रात्री अकरा वाजता मी स्वयंपाकघरात बसून तो मोठा करत गेलो. ओढा सापडला. शाळा सापडली. पेठेतला चौक सापडला. आमच्या गल्लीपाशी आलो तर प्रभागाची सीमा दाखवणारी जाड काळी रेघ बरोबर गल्लीवरून गेली होती, आणि घर तिच्याखाली.

"दिसत नाही रे," मी लिहिलं.

"मला पण नाही," त्याचं उत्तर आलं. "उद्या वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारतो आपण कुठल्या बाजूला."